तेवढं एकट्यात विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बालसंगोपनात, म्हणजे सरकारी योजनेतून दुसऱ्यांच्या घरी, वाढलेल्या मुलांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. 'परिस्थितीवर मात' हे शब्द त्यात चार वेळा आलेत. मोजले, कारण लेख माझ्यासारख्यांवरच होता. मात-बित काही नसते हो. माझं वय २८. नाशिकच्या अंबडला कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, भाड्याचं का होईना घर आहे, लग्न झालंय. तरी डब्यातली एक पोळी मी अजून मागे ठेवतो आणि शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर खातो. बायको आधी हसायची. आता न बोलता एक जास्तीची घालते.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वडील त्याआधीच कुठेतरी निघून गेलेले. काही महिने संस्थेत काढल्यावर मला निफाड तालुक्यात एका घरी ठेवलं. कोणाचंच नाव लिहीत नाही, आता भांडण नाही. त्यांची द्राक्षबाग होती. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही महिने माझी शाळा बुडायची. घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे असतात, त्याला डिपिंग म्हणतात. खालच्या घडांना ठेंगणं पोर सोयीचं पडतं. उपाशी ठेवलं असं म्हणणार नाही. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जे उरेल ते माझं. म्हणून पोळी हातात आली की अर्धी खिशात जायची.

मधूनमधून योजनेतर्फे माझ्या चौकशीला एक बाई यायच्या. ओट्यावर खुर्ची, चहा, बशीत बिस्किटं. त्या दिवशी माझ्या अंगात धुतलेला शर्ट असायचा. "काय रे, बरं चाललंय ना?" घरधनी शेजारी उभे. मी मान हलवायचो, बाई लिहून घ्यायच्या. त्यांच्या कागदावर मी अडीच वर्षं मजेत होतो. बाई वाईट नव्हत्या. एकदा त्यांनी माझ्या हातावर पेन ठेवलं होतं, निळ्या शाईचं. पण मला बांधापर्यंत घेऊन जाऊन दोन शब्द विचारावेत, हे काही त्यांना सुचलं नाही.

शेवटी कुणीतरी १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. कोणी ते आजही माहीत नाही; मला आमच्या गुरुजींचा संशय आहे, कारण हजेरीपट त्यांच्याकडे होता.

मग मला ठेवलं सातपूरच्या काकूंकडे. नवरा वारलेला, दोन मुली, घरी शिलाई मशीन. त्यांच्याकडेही मी पोळ्या गादीखाली लपवायचो. एक दिवस गादीला मुंग्या लागल्या. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आता काय होतंय त्याची वाट बघत. काकूंनी गादी उन्हात टाकली, मांडणीवरून झाकणाचा स्टीलचा डबा काढला आणि म्हणाल्या, "ह्यात ठेवत जा, मुंग्या येणार नाहीत." बस्स, एवढंच. पोळ्या का लपवतोस, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. सुरुवातीला मी त्यांना अहो-जाहो करायचो. 'तू' कधी झालं ते कळलं नाही.

गल्लीत म्हणायचे, पैशासाठी पोर ठेवलंय. तेव्हा महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, तेही कधी उशिरा. एवढ्यात कोण श्रीमंत होतं? आता राज्याच्या योजनेत २२५० रुपये आहेत आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यात ४०००. वाढ चांगलीच आहे. शिवाय २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फक्त जोडप्यांनाच मूल सांभाळायला घेता येत होतं, ते २०२४ मध्ये बदललं. आता विधवा, घटस्फोटित, अविवाहित यांनाही घेता येतं. आमच्या काकूसारख्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो.

बाल न्याय अधिनियम २०१५ मी पुढे मोबाइलवर वाचला. कलम ४४ म्हणतं, अशा घरांची बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करावी. कलम ३ म्हणतं, मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं. कायद्यात काही कमी नाही. कमी पडतं ते ओट्यावरच्या खुर्चीत. पाहणीला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की चहा नंतर घ्या, आधी मुलाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. "बरं चाललंय ना" याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. काल रात्री काय जेवलास, कोणाच्या शेजारी बसून, शाळेत शेवटचा कधी गेलास, हे विचारा. आणि शाळेत जाऊन हजेरी बघा. पोर घाबरून खोटं बोलेल, हजेरीपट खोटं बोलणार नाही.

१८ वर्षं पूर्ण झाल्यावर काय, हे तर मला कोणी सांगितलंच नाही. कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आर्थिक मदतीची सोय आहे. ती माझ्यासारख्या घरात ठेवलेल्यांना लागू होते की नाही, हेसुद्धा कुणी बोललं नाही. २०१६ मध्ये मी अठराचा झालो, पैसे थांबले आणि मी आपणहून पिशवी भरली. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "आयटीआयचा फॉर्म आणलाय, तो भर आधी." त्र्यंबक रोडला दोन वर्षं मशिनिस्ट ट्रेड केला. जेवायला त्याच घरी.

लेखात शेवटी 'अशा मुलांच्या जिद्दीला सलाम' असं लिहिलंय. निफाडच्या घरातही मी तोच होतो, जिद्द तेवढीच होती. तिचा उपयोग झाला नाही.

पत्र छापल्यास कृपया नाव देऊ नये. कंपनीत हे कोणाला माहीत नाही, आणि काकूच्या धाकट्या मुलीचं सध्या स्थळ बघणं चालू आहे. पाहुण्यांना मी भाऊ म्हणूनच ठाऊक आहे.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक