धाकट्या आबांचे कागद

लंडन,
रविवार, दुपार

ती. आई आणि आप्पा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला पूर्ण गेला. आई, तू सांगितलेला काढा चार रात्री घेतला, तेव्हा आता तो विषय बंद. थंडी आहे, पण घरात नाही. रात्रीची एकटी कुठं फिरत नाही, बस दारासमोर थांबते. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी फुगते, मटण आपल्यासारखं लागत नाही पण चटणी तुझी आहे म्हणून चालतं. वजन कमी झालेलं नाही. फोटोत तसं दिसतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण धाकट्या आबांचं नाव काढलं की आप्पा विषय बदलतात आणि तुझा आवाज चढतो, म्हणून लिहून पाठवते. बारक्याला प्रिंट काढायला सांगा. आणि आक्काआजीला हे वाचून दाखवा, सावकाश, उजव्या कानाशी. यात तिचं नाव आहे.

आपल्या घरात धाकट्या आबांचं, म्हणजे पणजोबांच्या धाकट्या भावाचं, एवढंच सांगतात: साहेबाचा आचारी म्हणून बोटीनं गेले, तिकडं मडम केली, घर विसरले. पणजोबांनी त्यांचं नाव टाकलं. मी लहानपणापासून हेच ऐकलं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बोटीनं येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या इथं सरकारी दप्तरखान्यात ठेवलेल्या आहेत, त्यात ते सापडले. नावाचे हाल झालेत, पण धंदा आचारी आणि वय जुळतं.

मडमेचं मात्र खोटं. 1931ची इंग्लंडची जनगणना 1942 साली आगीत जळून गेली आणि 1941ची युद्धामुळं झालीच नाही. मधल्या काळाचं काही उरलंय ते एका वहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा, 29 सप्टेंबर 1939 ला, शिधा आणि ओळखपत्रं द्यायला म्हणून सरकारनं घरोघरची नोंद केली. त्यात प्रत्येकाचं लग्न झालंय का, विधवा आहे का, याचा वेगळा रकाना आहे. धाकटे आबा एका बाईच्या घरात भाड्यानं राहत होते, हॉटेलात स्वयंपाकी होते, आणि त्या रकान्यात अविवाहित अशी खूण आहे.

लग्न झालेल्या माणसाचा माग काढणं सोपं असतं. लग्नाची नोंद मिळते, मग मुलांची, मग सासरची. बिनलग्नाच्या माणसाच्या मागं यातलं काहीच राहत नाही. तो दुसऱ्यांच्या कागदांत असतो: कुणाच्या घरात भाडेकरू, कुणाच्या दाव्यात प्रतिवादी, कुठं साक्षीदार. आणि स्वतःचा असा एकच कागद असतो, त्यानं केलं असेल तर, मृत्युपत्र. धाकट्या आबांनी केलं होतं.

आप्पा, ते मला कसं मिळालं हे तुम्ही दोनदा विचारलंत, आणि विचारताना तुमचा आवाज काळजीचा होता. म्हणून नीट सांगते. मी कुणाला पैसे चारले नाहीत, कुठं खोटी सही केली नाही, नातं सिद्ध करणारा दाखलाही दिला नाही, कारण कुणी मागितलाच नाही. इथं मृत्युपत्र कोर्टात सिद्ध झालं, त्याचं प्रोबेट निघालं, की ते सगळ्यांसाठी उघडं होतं. 1858 पासून ही व्यवस्था आहे. त्याआधी हे काम चर्चची कोर्टं करायची. आता असं समजा की आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे पाटीलकाका गेले. इथले असते तर गल्लीतलं कुणीही, पुण्याचं कुणीही, ज्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही असं कुणीही नाव आणि मृत्यूचं साल घालून, फी भरून, त्यांच्या मृत्युपत्राची नक्कल मागवू शकलं असतं. अंगठी कुणाला, घर कुणाला, कोणत्या मुलाला काहीच नाही, सगळं वाचायला मिळतं. कशाला हवंय असं कुणी विचारत नाही. वर्षावर्षाच्या छापील याद्या आहेत, त्यात नाव, पत्ता, कुठं वारले, किती रक्कम मागं राहिली हे एका ओळीत दिलेलं असतं. राजघराण्यातल्या मोठ्या माणसांची तेवढी मोहोरबंद ठेवतात. माझ्या ऑफिसातल्या बाईला मी विचारलं की लाज नाही वाटत का. तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या मते मेलेल्या माणसाचा शब्द पाळला गेला की नाही हे चारचौघांना तपासता आलं पाहिजे. मला हे आधी फार विचित्र वाटलं, आपल्याकडं असा कागद दागिन्यांच्या डब्याखाली असतो. आता तसं वाटत नाही.

मृत्युपत्र एका पानाचं आहे. घड्याळ घरमालकिणीला. तिलाच व्यवस्था बघायला नेमलंय. सुऱ्या, त्यांच्या स्वतःच्या कामाच्या सुऱ्या, हॉटेलातल्या बरोबरच्या आचाऱ्याला. खाली दोन साक्षीदार, एक न्हावी आणि एक बसचा कंडक्टर. इथल्या 1837च्या कायद्यानं दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणजे हे दोघं काही मिळणार नाही हे ठाऊक असताना आले. एवढी माणसं होती त्यांच्याजवळ.

आणि मग हे. "माझा भाऊ, शुक्रवार पेठ, कोल्हापूर, याच्या सर्वांत धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी एकशे वीस पौंड." पुढं तिचं नाव. कागदोपत्री नाव नाही, घरातलं. आक्का.

आप्पा, इथं थांबून विचार करा. आबा बोटीनं गेले तेव्हा आक्काआजी जन्मलीही नव्हती. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. तिला घरात काय हाक मारतात हे लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत बसलेल्या माणसाला पत्र आल्याशिवाय कळेल कसं?

आता तुम्ही आणि बारक्यानं काढून पाठवलेल्या नकला बघा. पणजोबांचा भाऊबंदांशी चाललेला वाटणीचा दावा दरबारच्या काळात सुरू झाला आणि 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात गेल्यावर निकालात निघाला. त्याला जोडलेल्या वंशावळीत धाकट्या आबांच्या नावापुढं "बिनलग्नाचा, परागंदा" असं लिहिलंय. पणजोबांची जबानी आहे. भावाची पत्रं येतात का? नाही. किती वर्षं खबर नाही? पुष्कळ. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं 108वं कलम असं होतं की ज्यांना एखाद्याची खबर मिळायला हवी त्यांनाच सात वर्षं मिळाली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर पडते. धाकट्या आबांच्या बाजूनं म्हणणारं तिथं कोण होतं? पुढच्या फेरफारात त्यांचं नाव कमी झालं, अविवाहित मयत, वारस थोरला भाऊ. हॉटेलात कामावर जात होते ते त्या दिवशी.

मी पणजोबांना नावं ठेवत नाही. त्यांच्यावर घर होतं, मुली होत्या, भाऊबंद टपलेले होते आणि एक हिस्सेदार समुद्रापार. पण मला वाईट वाटतं ते याचं, की तसं करायची गरजही नव्हती. आपल्या हिंदू कायद्यात तेव्हा एकत्रातला बिनलग्नाचा, मूल नसलेला भाऊ वारला की त्याचा हिस्सा आपोआप मागं राहिलेल्या भावाकडं जायचा. एकत्रातल्या जमिनीतला आपला हिस्सा मृत्युपत्रानं दुसऱ्याला देताही यायचा नाही, ती मुभा 1956च्या कायद्यानं आली. धाकट्या आबांनी मृत्युपत्रात जमिनीचा शब्दही काढलेला नाही. दिलं ते स्वतःच्या कमाईतलं. काही वर्षं थांबले असते तर नाव आपसूक निघालं असतं. आणि ती जमीन तरी कुठं राहिली? कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्याची झाली.

म्हणून आप्पा, "जुनी मढी उकरली की भाऊबंदकी उठते" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. भांडायला जमीनच नाही, मुदती कधीच्या संपल्या. मी कुणाकडं काही मागत नाही. मला फक्त घर विसरले हे वाक्य आपल्या घरातून काढून टाकायचं आहे. पुढच्या पिढीला कुणी ते सांगू नये.

आक्काआजीला एक विचारा, पण तिला त्रास होणार असेल तर नको. ती पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची परीक्षा, झाली, घरातली पहिली शिक्षिका झाली, ते पणजीनं पाटल्या मोडल्या म्हणून, असं आपण ऐकत आलोय. तेव्हा पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै पडायचे. एकशे वीस पौंडांचे सोळाशे रुपये होतात. ते पैसे घरी आले होते का? पाटल्या मोडल्या हेही खरं असेल. पणजीचं काही कमी होत नाही. तिच्या लोखंडी ट्रंकेत, साड्यांच्या खाली जुने कागद आहेत हे मला माहीत आहे, कारण लहानपणी हात लावला म्हणून मार खाल्लाय. त्यात मोडीतलं काही निघालं तर फोटो पाठवा. धुवायला, पुसायला जाऊ नका, आणि टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढू नका.

आई, आता तुझं. परवा तू म्हणालीस, "एकटीच मरशील की परमुलखात, त्या धाकट्या आबागत." तू रागात बोललीस, मला ठाऊक आहे, आणि नंतर जेवली नाहीस हेही बारक्यानं सांगितलं. मी त्या रात्री फोन केला नाही ते रागानं नाही, मला बोलता आलं नसतं. धाकटे आबा एकटे मेले नाहीत गं. त्यांच्या घड्याळाला किल्ली देणारं माणूस होतं. मलाही इथं माणसं आहेत. खालच्या मजल्यावरची केनियातली गुजराती मावशी माझ्या दाराशी डबा ठेवून जाते, आणि खोकला होता तेव्हा रोज वर येऊन बघायची. तुला सांगितलं नव्हतं कारण मग तू खोकल्याचीच काळजी केली असतीस.

सांगलीच्या स्थळाचं: बायोडाटा वाचला, माणूस चांगला दिसतो, त्यांना माझ्यामुळं ताटकळत ठेवू नका. नाही म्हणून कळवा. आप्पांना सांगायला अवघड जाणार असेल तर मी स्वतः त्यांच्या घरी फोन करून सांगते, आदरानं सांगीन. पुढं कधीच नाही असं मी म्हणत नाहीये, पण तुम्ही त्या आशेवर दिवस मोजू नयेत असं वाटतं.

बारक्याचं माझ्यासाठी अडवू नका. थोरली घरात असताना धाकट्याचं कसं करायचं असं मामा म्हणाले म्हणे. मी घरात नाहीच आहे. मुलगी त्याला पसंत आहे, तिच्या घरचे किती दिवस थांबतील? होकार कळवून टाका. वैशाखातला मुहूर्त धरा, रजेचा अर्ज मी दिलाय. आठवडाभराची मिळेल असं साहेब म्हणतात. दिवाळीला आले नाही त्याचं तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, ते मला जास्त लागलं. जोतिबाच्या यात्रेला मात्र मला जमणार नाही, माझ्या वाटचा गुलाल-खोबरं आईनं उधळावं.

पैसे मंगळवारी टाकलेत. नेहमीचे वेगळे आणि आप्पांच्या गुडघ्याचे वेगळे. आप्पा, "अजून चालता येतंय" म्हणून ऑपरेशन पुढं ढकलू नका, लग्नात मांडवात उभं राहायचंय तुम्हाला. गुडघ्याचे पैसे हॉलला वापरायचे नाहीत. हॉलचा बयाणा किती आणि कुणाच्या खात्यात ते बारक्यानं मला लिहावं, मी परस्पर भरते. आक्काआजीला नऊवारी माझ्या नावानं घ्या, महाद्वार रोडवरच्या आपल्या नेहमीच्या दुकानातून, हिरवी नको, तिला हिरवी आवडत नाही.

तुमची,
थोरली