कातकरीवाडीवर रुजू होण्याआधी

प्रिय मंगेश,

कर्जतकडच्या कातकरीवाड्यांवर बालपोषणाचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून बरं वाटलं. चालीरीतींवर काही वाचायला सुचव म्हणतोस. वाच जरूर, पण यादी पाठ करून वाडीवर गेलास तर समोरच्या बाईत तुला यादीच दिसेल. आपल्या क्षेत्रात कर्ज, जमीन नसणं, कागद नसणं या सगळ्यावर 'त्यांची संस्कृतीच तशी' असा शिक्का मारून मोकळं व्हायची सवय आहे. त्यामुळे बदलायची ती आधी आपली पद्धत: केव्हा जायचं, कुणाला सोबत न्यायचं, काय विचारायचं आणि फाइलमध्ये काय लिहायचं.

दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायला लागते. माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. संस्थांचं वर्ष मात्र एप्रिलला सुरू होतं आणि पहिलं काम असतं पायाभूत सर्वेक्षण. मग घरांना कुलपं आणि अहवालात 'लाभार्थी अनुपलब्ध'! सर्वेक्षण आणि कागदपत्रं जुलै ते सप्टेंबर या काळात धर. लावणी-बेणणीची मजुरी त्याच दिवसांत असते, म्हणून सकाळी आठाच्या आत किंवा दिवेलागणीला जा. दसरा-दिवाळीच्या मधे प्रत्येक घरी विचारून ठेव: कुठल्या तालुक्यात जाणार, मुकादम कोण, मुलं सोबत नेणार की आजीकडे ठेवणार. जाण्याआधी आणि परतल्यावर मुलाचं वजन घे. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइल ॲपमध्ये, स्थलांतराची नोंद करायला सांग. आदिम जमात म्हणून ही कुटुंबं अंत्योदयात बसतात, महिना ३५ किलो धान्य. कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर भट्टीजवळच्या दुकानातूनही उचलता येतं आणि वाडीवर राहिलेली आजी तिचा वाटा इकडे घेऊ शकते. हे बऱ्याच दुकानदारांनाच नीट माहीत नसतं.

वाडीवर गेलास की कुणीतरी धावत खुर्ची आणेल. ती बाजूला ठेव आणि ओट्यावर बस. कोरा चहा आला तर पी. नको म्हणालास तर त्याचा अर्थ पोटाच्या तक्रारीशी लावला जात नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विटाळाशी लावला जातो. सोबत मुकादम नको, वाडी ज्याच्या जमिनीवर आहे तो शेतकरी नको, आणि दुभाष्या म्हणून शाळकरी पोर तर नकोच. वाडीतलीच एखादी जाणती बाई किंवा आशाताई घे. म्हातारी माणसं आपसांत कातोडी बोलतात, तुझ्याशी मराठीत 'हो साहेब' म्हणतात. त्या 'हो'ला संमती समजू नकोस. "आता घरी कारभाऱ्याला काय सांगशील?" असं विचार, म्हणजे काय पोहोचलं ते कळेल.

आहाराच्या तक्त्यात 'काल काय खाल्लं?' असा प्रश्न असतो. उत्तर येतं, भात आणि डाळ. उंदीर खाणारे म्हणून या लोकांना इतकं हिणवलं गेलंय की रानातलं आणि ओढ्यातलं खाणं ते बाहेरच्याला सांगत नाहीत. "काल ओढ्यावर काय मिळालं? पोरांनी काय आणलं?" असं विचारलंस की खेकडे, मासळी, रानभाज्या बाहेर येतात. तक्ता चुकीचा भरला तर सल्लाही चुकतो. मग ज्या घरात मूल पावसाळ्यात खेकडे खातं तिथे आपण प्रथिनांवर व्याख्यान देतो, आणि भट्टीवर खर्चीत, म्हणजे आठवड्याला हातखर्चाला मिळणाऱ्या पैशांत, आणलेल्या भात-मिरचीवर तेच मूल वजनाने उतरतं ते आपल्याला दिसत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त गाडी अडते ते. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी किंवा दोन्ही पावलांवर सूज, म्हणजे तीव्र कुपोषण. सूज असेल, भूक मेली असेल किंवा दुसरा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, साधारण १४ दिवस. आई नाही म्हणते आणि फाइलमध्ये येतं, 'पालक सहकार्य करत नाहीत.' या वाक्याने पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिही: 'आई नवऱ्याच्या जोडीने वीट पाडते. ती गेली तर जोडी मोडते. बयाणा (भट्टीमालकाची आगाऊ उचल) फिटायचा आहे. घरी ३ आणि ५ वर्षांची आणखी दोन मुलं, बघायला कुणी नाही.' आता कामं दिसतात: बुडीत मजुरी कधी आणि कशी मिळणार हे दाखल होण्याआधी विचारून घेणं, लहान भावंडाला केंद्रात सोबत ठेवू देतात का पाहणं, मोठ्याची आजीकडे सोय लावणं.

बयाण्याचा हिशेबही समजून घे. पावसाळ्यात हातात पैसे नसतात तेव्हा उचल दिली जाते, हंगामात आठवड्याला खर्ची मिळते, आणि शेवटी हजार विटांमागच्या दरातून दोन्ही वजा होतात. उरलं तर मजुराचं, नाही उरलं तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. कुणी 'शेठ सोडत नाही' म्हणालं तर स्वतः शेठशी तडजोड करायला जाऊ नकोस. तो १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा विषय आहे. प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज कर. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते, तेवढ्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

जातीचा दाखला ही वेगळी डोकेदुखी. पुरावा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा मागतात आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), काढायला लाव. आजोबांच्या भावंडांची जन्म-मृत्यूची नोंदही चालते, फक्त नातं वडिलांकडून हवं. जुन्या नोंदीत 'काथोडी' लिहिलं म्हणून कारकून अडवतो, तेव्हा अनुसूचित जमातींची यादी पुढे कर. काथोडी, कातकरी, सोन आणि ढोर अशी सगळी नावं एकाच नोंदीत आहेत. पवार-जाधव आडनावांवरून शंका घेणारेही भेटतील. काहीच सापडलं नाही तर गृहचौकशीची मागणी लेखी कर. आणि एकाच माणसाचं नाव आधारवर एक, रेशनवर दुसरं असेल तर अर्जाआधी ते जुळवून घे, नाहीतर सगळं परत येतं.

भगत, म्हणजे मंत्र-अंगारा करणारा वाडीतला माणूस, त्याच्याबद्दल वाद घालू नकोस. अंगारा लावायचा तर लावू देत, फक्त दवाखाना त्याच दिवशी. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा साप चावला असेल, तर आधी १०८. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र घालणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे भगताला चारचौघांत नको, एकट्याला गाठून सांग.

सतरा वर्षांची गरोदर मुलगी मात्र तुला भेटणारच, आणि इथे 'त्यांच्यात चालतं' म्हणून डोळेझाक करता येत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. भीतीने घरचे दवाखाना टाळतात आणि बाळंतपण झोपडीत होतं, हा खरा धोका. म्हणून वय विचारण्याआधीच सांग की काही गोष्टी मला लपवता येणार नाहीत. वय वाढवून लिहू नकोस, दुसऱ्याला लिहूही देऊ नकोस. उपचार पोलिसांच्या कागदावर अडत नाहीत, हे डॉक्टरांसमोर ठामपणे बोल. बाल कल्याण समितीकडून तिला सहाय्यक व्यक्ती मिळवून दे आणि पहिल्या तपासणीला स्वतः सोबत जा. घरचे तुझ्यावर रागावतील. त्यानंतरही त्या घरी जात राहा.

कोतवाल बुकाच्या अर्जाचा नमुना वेगळा पाठवतो. तू त्यात गावाचं जुनं नाव आणि महसुली गाव दोन्ही लिही, वाडीचं नाव दप्तरात सापडत नाही. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात जायचं तर सोमवार टाळ.

तुझा,
अरविंद