दाराची कडी, भिंतीचे पोपडे आणि ऊन

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोटो काढायला लांब कुठे जायची गरज नाही. दाराची कडी, गंजलेली बिजागरी, पोपडे सुटलेली भिंत, झिजलेली पायरी एवढ्यावर वर्षभर काम पुरेल. वस्तू कोणती यापेक्षा तिच्यावर उजेड कुठून पडतोय, ते आधी बघा.

गंज, भेगा, पोपडे म्हणजे बारीक उंचवटे आणि खळगे. ऊन पृष्ठभागाला घासत तिरपं आलं की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि तो उठून दिसतो. समोरून आलेला उजेड या सावल्या पुसून टाकतो. फ्लॅश लेन्सच्या शेजारूनच पडतो, म्हणून तो कायमचा बंद ठेवा.

दुपारचं ऊन फोटोला वाईट असं सगळे सांगतात. जमिनीवरच्या पायरीसाठी ते खरं आहे, तिला सकाळचं किंवा संध्याकाळचं उतरतं ऊन हवं. उभ्या भिंतीचं मात्र उलट असतं. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी ऊन थेट समोरून पडतं आणि ती सपाट दिसते. दुपार होता होता तेच ऊन वरून घासत येतं. भिंतीवरून ऊन सरकण्याआधीचा अर्धा तास सर्वांत चांगला. बाबा, एकाच दाराचे तासातासाने फोटो काढून शेजारी ठेवा, लगेच कळेल. गंजाचा तांबूस रंग हवा असेल तर ढगाळ दिवस बरा, चकाकी येत नाही.

आता फोन. आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, बोटाचा तेलकट डाग असला की सगळं धुरकट येतं. फार जवळ जाऊ नका. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा साधारण १० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. काही फोन तिथे आपोआप जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात आणि कुलूप फुगल्यासारखं दिसतं. दोन पावलं मागे या आणि २ पट झूम करा. त्याहून जास्त झूम केलं तर बऱ्याच फोनमध्ये बारकावे फिसकटतात.

ज्या जागी स्पष्टता हवी तिथे स्क्रीनवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग स्क्रीनवर येणारी उजेड कमी-जास्त करायची पट्टी थोडी खाली ओढा. कॅमेरा सगळ्याला मध्यम करड्याकडे ओढतो, त्यामुळे काळं लोखंड फिकट पडतं. उलट, पांढरी चुन्याची भिंत मळकी येते, तिथे पट्टी वर न्या. भिंत किंवा फळी असेल तर फोन तिला समांतर धरा, नाहीतर जवळून काढताना एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर येतं.

आई, खाली वाकू नकोस. स्टुलावर बस, कोपर गुडघ्यावर टेकव आणि ३ सेकंदांचा टायमर लाव. बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत येत नाही. गंजलेल्या कडेला हात लावू नका.

सावली फार गडद झाली तर उजेडाच्या उलट बाजूला पांढरा कागद धरा, थोडा उजेड परतून येतो. एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला होता. आतला पत्रा उजेड चहूबाजूंनी परतवत होता, म्हणून तिच्या वळ्या इतक्या गोलसर दिसतात. पितळेच्या वस्तूला कागद लावताना मात्र जपून, त्यात कागदही दिसतो आणि तुमचा शर्टही. गडद कपडे घाला आणि थोडं बाजूने काढा.

फोटोआधी वस्तू घासूनपुसून ठेवू नका. जाळं, धूळ, तांब्यावरचा हिरवा थर हे सगळं राहू द्या, तेच तर टिपायचं आहे.

मला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि गंजाचा रवाळपणा जातो.

तुमची लेक