गार फरशी आणि आईची घोंगडी

संपादक महोदय,

थंडी पडली की आमच्या निफाडचा पारा पेपरात येतो, द्राक्षबागेतल्या शेकोटीचे फोटो पण येतात, पण घरातल्या फरशीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमचं जुनं घर शेणाने सारवलेलं होतं, नवीन बांधलं त्यात दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाईड टाइल्स, एकदम चकाचक. आता आई पहाटे ओट्यापाशी उभी राहिली की पाय नुसते आखडतात, एक पाय दुसऱ्यावर ठेवून चहा करते बिचारी. मुलाने थर्मामीटर ठेवून बघितलं तर टाइल आणि सतरंजीवर आकडा जवळपास सारखाच! खरी गंमत अशी की टाइल पायातली ऊब भराभर ओढून घेते, आणि सतरंजी-घोंगडीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, ती हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पातळ प्लॅस्टिकच्या चटईने म्हणूनच फारसा फरक पडत नाही, जाड लोकर पाहिजे.

दुकानदार मात्र म्हणाला कार्पेट टाका, हीटरच लागणार नाही. काहीतरीच! कार्पेट स्वतः ऊब तयार करत नाही, आणि खिडकीच्या फटीतून वारा येतोय त्याचं काय? शिवाय भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलं तर पावसाळ्यात ओल धरून कुबट वास येणार तो वेगळाच.

आम्ही शेवटी ओट्याखाली जुनी घोंगडी दुहेरी घडी करून टाकली. उन्हाळ्यात ती गुंडाळून माळ्यावर, तेव्हा त्याच गार टाइल्सवर दुपारी सगळे आडवे.

एक वाचक, निफाड