चार मिलिमीटरबद्दल आभार

काका,

नाव घालून लिहिलं असतं तर तुम्ही रागावला असतात, म्हणून नुसतं काका. वर्कशॉपमधले, लेथशेजारच्या स्टुलावर बसणारे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती स्टीलच्या दोन सुया आणि मेलेल्या भ्रूणांची वही घेऊन. काम काय ते तुम्ही विचारलंत आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कोंबडीचं अंडं साधारण दीड दिवस उबवायचं. सिरिंजने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली उतरतो, आणि मग वर खिडकी कापायची. पुढे जिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या न्यूरल ट्यूबमध्ये काचेच्या बारीक ओढलेल्या नळीने डीएनए सोडायचा. तो दिसावा म्हणून त्यात हिरवा रंग कालवलेला. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड धरून 25 व्होल्टचे, 50 मिलिसेकंदांचे पाच पल्स द्यायचे, सेकंदाला एक. पेशींच्या पटलाला तेवढ्यापुरती भोकं पडतात. डीएनएवर ऋणभार असतो, त्यामुळे तो धनाग्राकडे ओढला जातो आणि नळीच्या त्याच बाजूच्या पेशींत शिरतो. दुसरी बाजू कोरी राहते, ती तुलनेला. एकाच भ्रूणात प्रयोगही आणि ताळाही! हे मला आजही फार सुंदर वाटतं.

तुमच्यावर छाप पाडायची म्हणून मी इतिहासही ऐकवला. विजेच्या झटक्याने पेशीत जनुक घालता येतं हे नॉयमान आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं. 1997 मध्ये मुरामात्सु यांच्या गटाने अंड्यातल्या भ्रूणावर तीन पद्धती ताडून पाहिल्या आणि विजेची सरस ठरली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दोन सुयांत अंतर किती?"

"चार मिलिमीटर."

"कुठे मोजलंस?"

मी मुळाशी मोजलं होतं. तुम्ही सुया भिंगाखाली धरल्यात तर टोकाशी जेमतेम तीन. व्होल्ट तेच ठेवून चाराचं तीन केलं की विद्युतक्षेत्र एक तृतीयांशाने वाढतं, हे गणित मला येत होतं. बारावीपासून येत होतं. पण आठवडाभर मी डीएनए पुन्हा पुन्हा शुद्ध करत बसले होते, इनक्युबेटरचं तापमान तपासत होते, अंड्यांना दोष देत होते.

मग तुम्ही स्टीलवर आलात. खाऱ्या पाण्यात वीज सोडली की धनाग्राचं स्टील झिजतं, त्याचे आयन सुटतात, आणि ते जातात सरळ त्या कोवळ्या जिवात. प्लॅटिनम असं सहज विरघळत नाही. तुम्ही अर्धा मिलिमीटर जाडीची तार काढलीत, तिची टोकं काटकोनात वाकवलीत, प्लास्टिकच्या ठोकळ्यात दोन्ही समांतर बसवलीत. नंतर तुम्ही नेलपॉलिश मागितलंत तेव्हा मला वाटलं, थट्टा करताय. "झटका टोकाशी द्यायचाय ना? मग वरची तार उघडी कशाला?" बुडबुडे कमी झाले ते तेव्हापासून. ऋणाग्रावर हायड्रोजन सुटणारच, रसायनशास्त्राशी भांडता येत नाही. पण उघडी तार जितकी जास्त, तितका प्रवाह नुसता द्रावणातून वाहून जातो, आणि आजूबाजूला आम्ल-अल्कलीचा गोंधळ वाढतो.

साफसफाईवरून तुम्ही मला जे बोललात ते इथे लिहीत नाही. पण खरंय, दर पल्सनंतर टोकांवर बलक शिजून चिकटतो, आणि तो थर साचला की वीज नीट जात नाही. आता मी दर अंड्यानंतर टोकं पुसते. नव्या मुलांनाही पुसायला लावते, तुमच्याच सुरात.

तुमच्या इलेक्ट्रोडने पहिली अंडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवा बंद करून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. डीएनएत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक होतं, आणि न्यूरल ट्यूबची एक बाजू डोक्यापासून खालपर्यंत हिरवी चमकत होती, मधल्या रेषेपलीकडे काळोख. धावत वर्कशॉपमध्ये आले तर तुम्ही जेवायला गेला होतात. संध्याकाळी दाखवलं तेव्हा "बरं आहे" एवढंच म्हणालात, पण डोळा मात्र बराच वेळ लावून होतात.

सगळे भ्रूण जगले असं नाही. नळी टोचताना माझा हात थरथरतो, त्याला तुम्ही तरी काय करणार.

आमचा शोधनिबंध आता छापून आला आहे. त्यात तुमच्या वाट्याला एक ओळ आली: 'प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरले.' आभारात तुमचं नाव घालायचं राहिलं ही माझी चूक, घाईत झाली, आणि छापलेलं आता बदलता येत नाही. म्हणून हे पत्र.

ती जोडी अजून चालते आहे. मध्यंतरी एकाच्या हातून पडली आणि डावं टोक किंचित आत वळलं. मी भिंगाखाली सरळ केलं, टोकाशी मोजलं, चार भरलं. पण मुळाशी सोल्डर सैल वाटतोय. सोमवारी घेऊन येते. तुमची उरलेली तारही माझ्याच खणात राहिली आहे, बोटाच्या पेराएवढी, तीही आणते.

तुमची,
अंडीवाली