शटर पुन्हा वर करणाऱ्या दादांचे आभार

मधुमेहापायी अण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाय बसवला, पण काही महिन्यांत कापलेल्या पायाचा उरलेला भाग बारीक झाला, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडलं, घासून जखम झाली. अण्णांनी तो पाय कपाटामागे ठेवून दिला.

नाशिकच्या कृत्रिम पाय बनवणाऱ्या वर्कशॉपला पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. तिथल्या दादांनी ते पुन्हा वर केलं. फरशीवर मांडी घालून अण्णांचा पाय मांडीवर घेतला, लाल जागेभोवती हलकेच बोट फिरवलं. "काका, इथंच टोचतं ना? पाय बारीक होतोच. आधी सॉकेटच्या आतले मोजे वाढवायचे, मग सॉकेट बदलायचं." हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! जखम भरल्यावर त्यांनीच नव्या सॉकेटसाठी प्लास्टरचं माप घेतलं.

काल अण्णा माझा हात धरून रामकुंडाच्या पायऱ्या उतरले. दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.