आईच्या रिपोर्टमधले दहा ‘आर’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांविषयीचा आपल्या अंकातला लेख आवडला. त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांबद्दल मात्र त्यात एकच वाक्य होतं, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात आईला लघवीचा संसर्ग झाला. कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘एस’ किंवा ‘आर’. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. तेरा ओळींत दहा आर! त्याआधी दोनदा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून आम्हीच दिल्या होत्या आणि बरं वाटताच बंद केल्या होत्या. अर्धवट मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्येच नोबेलच्या भाषणात बजावलं होतं. आईला सात दिवस शिरेतून औषध द्यावं लागलं.

रिपोर्ट समजावला पुतणीने. ती इथेच सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. नंतर तिची लॅब पाहिली. प्लेटवर जिवाणूंचा दुधट थर, त्यात औषधाची चकती, चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ. हे वर्तुळ आक्रसलं, की समजायचं जिवाणू त्या औषधाला जुमानत नाहीत. तिच्या मार्गदर्शक मॅडम प्लेट उजेडाकडे धरून पट्टीने मिलिमीटर मोजत होत्या. आकडा वहीशी जुळेना. “उद्या पुन्हा लाव, मी थांबते,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत खरंच थांबल्या.

पुण्याला हे काम नवं नाही. पिंपरीची एच. ए., म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही प्रतिजैविकांची सरकारी कंपनी, १९५४ ची. तिथे डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीवरचं प्रतिजैविक शोधलं. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आपल्या पिंपरीवरून! पहिल्या पावसात मातीला सुटणारा वासही याच कुळातल्या जीवांचा. पिंपरीतल्या किती शाळांत मुलांना हे सांगतात?

पुतणीचं विद्यावेतन मध्यंतरी चार महिने थकलं. तेवढे दिवस प्लेटा आणि चकत्यांचा खर्च मॅडमनी पदरचा केला. हे बरोबर नाही. संशोधनाची बातमी छापताना त्या गटातल्या विद्यार्थ्यांची नावंही छापावीत आणि त्यांचे पैसे वेळेवर मिळतात का, हे आपल्या बातमीदाराने संबंधितांना विचारावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चिंचवड